ब्लॉक जपले तरच जनुकीय साठा उभा राहील

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी मिरजेची. हिस्टोपॅथॉलॉजीची तंत्रज्ञ म्हणून एकतीस वर्षं नोकरी केली आणि गेल्या वर्षी निवृत्त झाले. शस्त्रक्रियेत काढलेला अवयव किंवा दुर्बिणीतून घेतलेला तुकडा आला की तो फॉर्मॅलिनमध्ये पक्का करायचा, मेणात बसवायचा, त्याचे काप काढून काचेवर घ्यायचे, रंगवायचे आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवायचे, हे माझं काम. निदान डॉक्टर करतात. रिपोर्टवर आमचं नाव येत नाही, पण प्रत्येक तुकडा आमच्या हातून जातो. म्हणून हे पत्र मी लिहायला हवं असं वाटलं. विषय जठराच्या कॅन्सरच्या रुग्णांचे नमुने आणि जनुकीय माहिती जपून साठा उभारण्याचा आहे, आणि हा कॅन्सर माझ्या घरातलाही आहे.

माझा धाकटा भाऊ २०१६ साली गेला. वय ४१. आधीचे चार महिने ॲसिडिटीच्या गोळ्या चालू होत्या. दोन घास खाल्ले की पोट भरायचं, ताट तसंच बाजूला सारायचा. दुर्बीण टाकली तेव्हा आतलं अस्तर फारसं बिघडलेलं दिसलं नाही, पण हवा सोडली तरी जठर फुगेना. बायोप्सीची स्लाइड मी ओळखीच्या डॉक्टरांकडे जाऊन स्वतः पाहिली. पेशी एकमेकींना धरून नव्हत्या, एकेकट्या विखुरलेल्या होत्या. आत चिकट द्रव भरून टम्म फुगलेल्या, केंद्रक एका कडेला दाबलं गेलेलं. शिक्क्याच्या अंगठीसारख्या दिसतात म्हणून त्यांना सिग्नेट रिंग पेशी म्हणतात. अशा कितीतरी स्लाइड मी रंगवल्या होत्या. त्या दिवशी डॉक्टरांनी काही बोलायच्या आतच मी खुर्चीवरून उठले.

आमची आत्या १९८८ साली अशीच गेली होती. चाळिशीही उलटली नव्हती. अन्न आत जात नव्हतं, शेवटी पेजसुद्धा जाईना. कुणी म्हणालं अल्सर, कुणी म्हणालं करणी. तिची ना स्लाइड, ना कागद.

आता माझी भाची, म्हणजे या भावाची मुलगी, २७ वर्षांची आहे. पुण्यात नोकरी करते. वडील आणि आजोबांची बहीण दोघं पोटाच्या आजारानं अकाली गेले, हे तिनंच एका डॉक्टरांना सांगितलं आणि जनुकीय तपासणी करून घेतली. सीडीएच-१ नावाच्या जनुकात एक बदल सापडला. पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारं ई-कॅडहेरिन हे प्रथिन या जनुकावरून बनतं. ते बिघडलं की पेशी सुट्या होतात. स्लाइडवर मी पाहिलं होतं ते हेच. पण रिपोर्टवर शेरा होता: 'या बदलाचा अर्थ अनिश्चित'. म्हणजे हा बदल घातक आहे की आपल्या लोकांत असतोच तसा एक निरुपद्रवी फरक आहे, हे आज कुणी सांगू शकत नाही. मग माझं रक्त तपासलं. माझ्यातही तोच बदल निघाला. म्हणजे भाचीला तो तिच्या वडिलांच्या बाजूनं आला आणि भावातही असणारच. मी ५९ वर्षांची आहे आणि मला काही त्रास नाही. पण त्यावरूनही काही ठरत नाही, कारण या जनुकात खरा दोष असलेल्या सगळ्यांनाच कॅन्सर होतो असं नाही.

हा शेरा 'घातक' ठरला तर भाचीला जठर काढून टाकण्याचा विचार करावा लागेल. हा कॅन्सर अस्तराखाली पसरतो, दुर्बिणीला चकवतो, म्हणून अशा घरांतल्या, घातक बदल सापडलेल्या माणसांना जठर आधीच काढून घेण्याचा सल्ला दिला जातो. २७ व्या वर्षी, धडधाकट असताना. आणि बदल निरुपद्रवी ठरला तर तिला रात्री नीट झोप लागेल. दोन्हींच्या मधोमध ती दीड वर्ष उभी आहे.

समुपदेशक बाईंनी आम्हाला शांतपणे समजावून सांगितलं की याचा उलगडा कशानं होऊ शकतो. एक, भावाच्या गाठीचा तुकडा. त्याच्या गाठीत या जनुकाची दुसरी, चांगली प्रतही निकामी झाली होती का, हे त्यावरून पाहता आलं असतं. दोन, आत्याच्या मुलांचं रक्त. तीन, आपल्याकडच्या निरोगी माणसांत आणि जठराचा कॅन्सर झालेल्या माणसांत हाच बदल किती वेळा सापडतो याची नोंद. जगभरच्या प्रयोगशाळा असे बदल क्लिनव्हार नावाच्या साठ्यात नोंदवतात. आमचा बदल तिथे कुणीच नोंदवलेला नाही. हे साठे बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांच्या तपासण्यांवर उभे राहिले आहेत, त्यामुळे 'अर्थ अनिश्चित' हा शेरा आपल्यासारख्यांच्या वाट्याला जास्त येतो.

भावाच्या तुकड्याबद्दल सांगते. मेणात बसवलेल्या तुकड्याला आम्ही ब्लॉक म्हणतो. तो काड्यापेटीपेक्षा लहान असतो, कडेला पेन्सिलीनं क्रमांक लिहिलेला. मायक्रोटोमवर लावून तीन-चार मायक्रॉनचे, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या तिप्पट-चौपट जाडीचे काप काढले की त्यांची रिबन निघते. ती कोमट पाण्यावर अलगद सोडायची, सुरकुती पडू द्यायची नाही, काचेवर उचलून घ्यायची. ई-कॅडहेरिनचा रंग दिला की निरोगी पेशीभोवती तपकिरी रेघ उमटते, जाळीसारखी. ज्या पेशीत ते प्रथिन नाही तिथे रेघ नसते. भावाच्या ब्लॉकवर हे माझ्या हातानं करता आलं असतं. एवढ्यानं निकाल लागला नसता, पण पारड्यात काहीतरी पडलं असतं. आणि त्याच ब्लॉकमधून डीएनएही काढता आला असता.

ब्लॉक नाही. भावाची बायोप्सी सांगलीतल्या एका खासगी प्रयोगशाळेत झाली होती. तिथले जुने ब्लॉक तळघरात ठेवलेले होते. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा तळघर भरलं. पूर ओसरल्यावर गाळासकट सगळे खण ट्रॉलीत भरून गेले. मला फार वाईट वाटतं ते याचं की मेणातला तुकडा पाण्यानं लगेच वाया जात नाही. पेन्सिलीचा क्रमांकही पुसला जात नाही. धुऊन, सावलीत वाळवून बरेचसे वाचले असते. पण ते वाचवायचे असतात हेच तिथे कुणाला वाटलं नाही, आणि मी तरी कुठे विचारायला गेले? २०१६ साली ब्लॉक मागितला असता तर मिळाला असता. तेव्हा मला वाटलं, माणूस गेला, आता ब्लॉक कशाला.

आता मूळ मुद्दा. आपल्या देशात जनुकीय माहिती गोळा करण्याचं मोठं काम सुरू झालं आहे आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. जीनोम इंडिया प्रकल्पातल्या दहा हजार भारतीयांची माहिती ९ जानेवारी २०२५ ला संशोधकांसाठी खुली झाली. ती फरिदाबादच्या भारतीय जैविक माहिती केंद्रात ठेवलेली आहे. पण ते दहा हजार लोक निरोगी आहेत. तराजूचं एक पारडं त्यांनी भरलं. दुसऱ्या पारड्यात रुग्ण हवेत. स्तनाच्या कॅन्सरसाठी आयआयटी मद्रासनं फेब्रुवारी २०२५ मध्ये ४८० रुग्णांच्या ९६० नमुन्यांवरून भारत कॅन्सर जीनोम ॲटलास सुरू केला. जठराच्या कॅन्सरसाठीही असाच साठा हवा, आणि त्यात सांगली, सोलापूर, बीड, नंदुरबारची माणसंही हवीत.

आपल्याकडे या कॅन्सरचं प्रमाण मिझोरामइतकं नाही हे मला माहीत आहे. देशात सर्वाधिक प्रमाण तिथे आहे. तिथे तंबाखूचा धूर पाण्यात मुरवून ते पाणी तोंडात धरतात, त्याला तुइबुर म्हणतात. धुरावलेलं मांस, डुकराच्या चरबीचं आंबवण अशा खाण्याचाही तिथे अभ्यास झाला आहे. हे मी मुद्दाम सांगते, कारण नुसता डीएनए वाचून भागणार नाही. २०२३ साली जपानच्या संशोधकांनी दहा हजारांहून अधिक जठर-कॅन्सर रुग्णांच्या नमुन्यांवर काम केलं. पोटात हेलिकोबॅक्टर पायलोरी जंतू आहे आणि वर काही ठराविक जनुकांत दोषही आहे, अशा माणसांना ८५ वर्षांपर्यंत हा कॅन्सर होण्याची शक्यता ४५ टक्क्यांच्या वर निघाली. नुसता जंतू असलेल्यांत ती १४ टक्क्यांच्या आसपास. जंतू औषधानं घालवता येतो! म्हणजे कुणावर आधी लक्ष द्यायचं ते या साठ्यानं दाखवलं. हे कळलं कारण बायोबँक जपानसारख्या साठ्यांनी नमुने आणि नोंदी वर्षानुवर्षं सांभाळल्या होत्या.

आमच्याकडे दुर्बिणीच्या खोलीत याच जंतूची झटपट चाचणी होते. पिवळ्या गोळीत तुकडा टाकला की जंतू असल्यास ती गुलाबी होते. मी पाहिलेल्या कितीतरी पेशंटच्या फाइलमध्ये त्याचा निकाल लिहिलेलाच नसायचा. गोळी गुलाबी झाली, डॉक्टरांनी औषध लिहिलं, गोळी कचऱ्यात. आमच्या भागात बायका मिश्री लावतात. आई लावायची, आत्याही लावायची. कुठल्या फॉर्मवर मिश्रीचा रकाना असतो? तंबाखू खाता का असं विचारलं तर बाई नाही म्हणते, कारण तिच्या लेखी मिश्री म्हणजे तंबाखू नव्हेच, ते दात घासणं आहे. हे विचारायला आपल्याच मातीतलं माणूस लागतं.

आणि घरातल्या लेकींची नोंद. आमच्याकडे सुगीनंतर हेळवी यायचे, बैलावर बसून, वही घेऊन. पिढ्यान् पिढ्यांची नावं घडाघडा म्हणायचे. लहानपणी आम्ही ओट्यावर बसून ऐकायचो. भाचीच्या तपासणीनंतर वंशावळ काढायला बसलो तेव्हा घरात उतरवून ठेवलेली हेळव्यांची नावं काढली. सात पिढ्यांचे पुरुष होते. आत्याचं नाव नव्हतं. ती दुसऱ्या घरी गेली ना! तिची दोन्ही मुलं विजापूरकडे कुठेतरी आहेत, आजोळचा संबंध तुटला. जनुक मात्र माहेर-सासर पाहत नाही. दोष असलेल्या आईकडून किंवा बापाकडून प्रत्येक लेकराला, मुलगा असो की मुलगी, तो मिळण्याची शक्यता निम्मी. साठ्यासाठी जी वंशावळ लिहिली जाईल तिच्यात लेकी, आत्या, मावश्या आल्याच पाहिजेत.

सीडीएच-१ चा आणि जठराच्या कॅन्सरचा संबंध १९९८ साली कळला, तो न्यूझीलंडमधल्या एका माओरी घराण्यामुळे. तीस वर्षांत त्यांच्यातले पंचवीस जण या आजारानं गेले होते. त्या घरच्यांनीच ओटागो विद्यापीठातल्या पॅरी गिलफर्ड यांच्या गटाशी हातमिळवणी केली, आपली वंशावळ जुळवून दिली, रक्त दिलं. त्या शोधनिबंधाच्या लेखकांत घरातल्या माणसांची नावं आहेत. मला हे वाचून भरून आलं. तिथे नमुना देणाऱ्यांना कुणी नुसतं 'पेशंट' समजलं नाही.

उलटंही घडलेलं आहे. अमेरिकेत ॲरिझोनातल्या हवासुपाई या आदिवासी जमातीचं रक्त मधुमेहाच्या अभ्यासासाठी घेतलं गेलं आणि त्यांना न सांगता भलत्याच संशोधनाला वापरलं गेलं. २०१० साली विद्यापीठाला भरपाई द्यावी लागली आणि उरलेलं रक्त परत करावं लागलं. आपल्याकडे संमतिपत्रं कशी घेतली जातात ते मी एकतीस वर्षं पाहिलं आहे. पेशंट स्ट्रेचरवर, नातेवाईक योजनेच्या कागदांसाठी खिडकीपाशी रांगेत, आणि कुणीतरी इंग्रजी छापील कागद पुढे करून सांगतं, इथे सही करा, इथे अंगठा. त्या कागदात काय आहे ते सही करणाऱ्याला माहीत नसतं, पुष्कळदा सही घेणाऱ्यालाही नसतं. जनुकीय साठ्यासाठी अशी सही चालणार नाही. साध्या मराठीत एक पान असावं, ते आदल्या दिवशी बसून वाचून दाखवावं. तुकडा कुठे राहील, नावाऐवजी क्रमांक कसा लागेल, पुढे काही महत्त्वाचं सापडलं तर घरच्यांना कळवायचं की नाही, आणि मन बदललं तर नमुना परत काढून घेता येईल का, हे त्यात असावं.

कारण भीती खरी आहे. आमच्याच घरात झालेलं सांगते. भाचीची तपासणी करायची म्हटल्यावर वहिनी रडली. म्हणाली, "वन्सं, हे कुणाला कळलं तर पोरीला स्थळ कोण देईल?" मी तिला काही उत्तर देऊ शकले नाही. नोकरी, विमा, लग्न, सगळीकडे हा कागद आडवा येऊ शकतो. साठा उभारणाऱ्यांनी ही भीती अडाणीपणा म्हणून उडवून लावू नये. गुप्तता कशी राखली जाईल ते वहिनीसारख्या बाईला पटेल असं सांगता आलं पाहिजे.

हे ग्रामीण महाराष्ट्रात जमेल का, असं विचारणाऱ्यांना मी बार्शीचं उदाहरण देते. मुंबईत १९६३ मध्ये कॅन्सरची लोकसंख्येवर आधारित नोंदणी सुरू झाली, देशातली पहिली. पण खेड्यांतली पहिली नोंदणी १९८७ साली बार्शीत सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या गावांत माणसं फिरली, लोकांशी बोलली, कुणाला गाठ आहे, कुणाला गिळता येत नाही याची विचारपूस केली, पेशंटना दवाखान्यात आणलं. संगणक घरोघरी नव्हते तेव्हाची गोष्ट. दुष्काळी मुलखात हे झालं असेल तर आज का होऊ नये?

करायचं काय, तर सुरुवात महागड्या यंत्रापासून करू नका. ती आमच्या खोलीपासून करा. जठर काढल्यावर ते कधी कधी सलाइनमध्ये येतं, कधी लोणच्याच्या बरणीत, वर बोटभर फॉर्मॅलिन. अवयवाच्या दहापट तरी द्रव हवा, आणि तो बफर घातलेला हवा. साधं जुनं फॉर्मॅलिन आम्लधर्मी होतं आणि डीएनएचे तुकडे करतं. शुक्रवारी संध्याकाळी आलेला अवयव न उघडता सोमवारपर्यंत पडून राहिला तर आतलं सडतं. बाहेरून छान दिसतं, पण त्यातून यंत्राला वाचता येण्याजोगं काही मिळत नाही. बफरचं फॉर्मॅलिन, मोठ्या तोंडाची बरणी आणि शनिवारी एक तंत्रज्ञ, याला कोट्यवधी लागत नाहीत. त्याच दिवशी जांभळ्या झाकणाच्या बाटलीत थोडं रक्त घेऊन गोठवून ठेवलं तर जन्मतः आलेला बदल कोणता आणि गाठीत नंतर झालेला कोणता, हे वेगळं करता येतं. भावाचं रक्त त्या काळात आठवड्यातून दोनदा घेतलं जात होतं. एक बाटली जास्तीची कुणी घेतली असती तर!

ब्लॉक किती वर्षं ठेवायचे, कुठे ठेवायचे, प्रयोगशाळा बंद पडली किंवा विकली गेली तर ते कुणाकडे सोपवायचे, याचा राज्यानं एक स्पष्ट नियम करावा आणि तो पाळला जातो का ते पाहावं. लहान प्रयोगशाळांना जागा नसते, हे मी जाणते. मग जवळच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयानं ते ताब्यात घ्यावेत. पुराच्या पट्ट्यात तर तळघरात काहीही ठेवूच नये. जठराच्या कॅन्सरचे जुने ब्लॉक आजही कितीतरी कपाटांत आहेत, क्रमांकासह, रजिस्टरसह. नवीन पेशंटची वाट पाहत बसण्यापेक्षा त्यांची मोजदाद आधी करा. घरच्यांना शोधा, विचारा. बहुतेक लोक हो म्हणतील असं मला वाटतं. आमच्या घरानं तर आनंदानं दिलं असतं.

भाचीची पुढची दुर्बीण दिवाळीनंतर आहे. अशा घरांतल्या माणसांचे एका वेळी अठ्ठावीस-तीस तुकडे घेतात, कारण बारीकसा डाग कुठे दडला असेल सांगता येत नाही. ते सगळे ब्लॉक जपून ठेवायला आणि संशोधनाला द्यायला तिनं लेखी संमती दिली आहे. मीही माझं रक्त दिलं आहे. आत्याच्या मुलांचा शोध चालू आहे. विजापूरच्या बाजूचा एक पत्ता परवाच हाती लागला, पुढच्या आठवड्यात मी आणि भाची जाऊन येणार आहोत.

हे पत्र भाचीनं वाचलं आहे आणि छापायला तिची हरकत नाही. फक्त तिच्यासाठी आणि वहिनीसाठी माझं नाव छापू नये, ही विनंती.

आपली एक वाचक,
मिरज